घराखालची जागा

दिवाळी जवळ आली की घराला जाग येते. भिंतींवरून चुन्याचा हात फिरतो, अंगण सारवले जाते, माळ्यावरचा आकाशकंदील धूळ झटकून खाली उतरतो. ‘घर पाहावे बांधून’ ही आपली म्हण फार जुनी. परंतु तिच्यात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे, आणि ती म्हणजे घर बांधण्यास जागा आहे! म्हण करणारा गृहस्थ खासच गावच्या पांढरीत राहणारा असला पाहिजे. ज्याच्यापाशी भिंत उभी करण्यापुरतीही भुई नाही, त्याने घर पाहावे कोठे बांधून?

वाचकहो, आज मला बुलढाणा जिल्ह्याची एक गोष्ट सांगावयाची आहे. ती जिजाऊंच्या सिंदखेडची नाही, लोणारच्या सरोवराची नाही, की शेगावच्या महाराजांचीही नाही. त्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही गोष्ट आहे गावठाणाच्या रेषेची. गरिबाला निवारा मिळवून देणे हे कोणाचे काम, आणि ते काम आपल्या गावपंचायतींनी, नगरपालिकांनी व जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी कसे केले, हे मला पाहावयाचे आहे. माझी तीस वर्षे घाटावरच्या खेड्यांत मास्तरकी करण्यात गेली. त्या काळात कितीतरी ग्रामसभांत मी कोपऱ्यात बसलो, कधी लोकांचे अर्ज लिहून दिले, कधी वाचून दाखविले. जे पाहिले आणि जे वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते आरंभीच सांगून टाकतो. आपल्याकडे गरिबाच्या घराचा प्रश्न भिंतीचा आणि छपराचा तितकासा नव्हता. तो त्याखालच्या जागेचा होता, आणि आजही आहे. भिंतीचा पैसा मुंबईहून येईल, दिल्लीहून येईल. जागा मात्र गावातच शोधावी लागते.

जुन्या गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीच्या मातीचा गुण असा की तिच्या भिंती चांगल्या उभ्या राहतात. घर पडले की ती माती तेथेच मिसळते आणि नातवाच्या घराला पुन्हा कामास येते. पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेल्यामुळे जुने गाव भोवतालच्या शेतांहून उंच टेकाडावर बसलेले दिसते. मध्ये पाटलाची किंवा देशमुखाची गढी, तिच्या भोवती कुणबी-माळ्यांची धाब्याची घरे, त्यांच्या कडेने बलुतेदार, आणि गावकुसाबाहेर ज्यांना त्या काळी महारवाडा व मांगवाडा म्हणत त्या वस्त्या. घर बांधण्यास पैसा फारसा लागत नसे. माती गावची, लाकूड रानचे, आणि त्याहून गरीब असेल त्याला पऱ्हाटीचा कूड व गवताचे छप्पर. खर्च नव्हता, पण मान्यता लागे. कोणी कोठे बसावे हे गाव ठरवी, आणि गाव म्हणजे कोण, हे जन्मावरून ठरे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र एवढे खरे की गाव वाढू लागले तर पांढरीही वाढत असे. तिला कोणी कुंपण घातले नव्हते.

ते कुंपण इंग्रजी अमदानीत आले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, आणि १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. मोजणीदार साखळी घेऊन शेतोशेत हिंडले. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, धुरे-बांध कायम झाले, आकार बसला. चराईची जमीन निराळी काढली गेली. वऱ्हाडात पुढे तिला ‘ई-क्लास’ हे नाव पडले, आणि इंग्रजीचे एक अक्षरही न शिकलेली आमच्याकडची म्हातारी माणसे आजसुद्धा ‘गुरं ई-क्लासात नेली’ असे सहज म्हणतात. या साऱ्या नंबरांच्या मध्ये जेवढी वस्ती उभी होती, तेवढ्याभोवती एक रेषा ओढली गेली. तेच गावठाण. रेषेच्या आत राहण्यास मुभा, बाहेर सारे शेत किंवा सरकारी जमीन.

मोजणीत तसे वाईट काहीच नव्हते. शेतकऱ्याचा हक्क तिनेच कागदावर आणला. परंतु तिने त्या वर्षीच्या गावाचे जणू छायाचित्र काढून ठेवले. माणसे वाढत गेली आणि छायाचित्र तेवढेच राहिले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांवर गेली, आणि त्यांतील चारांपैकी तिघांहून अधिक खेड्यांत राहत होते. ज्याच्यापाशी शेत होते त्याने अडचण झाल्यावर शेतात घर बांधले. ज्याच्यापाशी वाडा होता त्याने वाड्याचे चार तुकडे करून चार भावांना दिले. ज्याच्यापाशी दोन्ही नव्हते, तो सालदार, मजूर, भटक्या, पारधी रेषेबाहेर नाल्याच्या काठी किंवा ई-क्लासवर जाऊन बसला. कागदाने त्याला नाव दिले, ‘अतिक्रमक’.

घाटाखाली याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. खामगावचा बाजार देशभर गाजू लागला. जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर होतीच. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, हमाल आले, गाडीवान आले, बायका रेचे चालवू लागल्या. १८८५-८६ च्या सुमारास वऱ्हाडासाठी ग्रामीण बोर्डांचे आणि नगरपालिकांचे कायदे झाले. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते, शाळा ही कामे नगरपालिकांकडे आली. पण कापसाच्या गासड्या बांधणारा मजूर रात्री कोठे निजतो, हे पाहणे आपले काम आहे असे त्या काळच्या नगरपित्यांना वाटत नसे. शहरातील सरकारी जागेला आमच्याकडे नझूल म्हणतात. ऐपत असलेल्याने नझूलचा प्लॉट पट्ट्याने घेतला. ज्याची ऐपत नव्हती तो रुळाच्या कडेला राहिला.

यात खामगावकरांनाच दोष देण्याचे कारण नाही. त्या वेळी सारे जगच तसे होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. इंग्लंडात पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, कायदाच झाला की प्रत्येक नगरसंस्थेने आपल्या हद्दीतील घरांची गरज मोजावी आणि ती भागविण्याची योजना सरकारला सादर करावी. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ पासून घरांवर चढता कर बसविला. श्रीमंताच्या हवेलीला जबर आणि गरिबाच्या खोलीला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे तिने बांधली. तेव्हा गरिबाला घर मिळावे ही चिंता स्थानिक संस्थेने करावी, ही कल्पना तशी फार जुनी नाही. आपल्याकडे ती यावयास आणखी काळ लागला.

स्वातंत्र्यानंतर कारभाराच्या पाट्या भराभर बदलल्या. १९४८ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मग वऱ्हाडचेच सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला, त्यावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, विहिरी, रस्ते यांना या संस्थांनी खरोखर हात घातला. माझ्यासारख्या मास्तराने तर ते अन्न खाल्ले आहे! घराचे काम मात्र मागेच राहिले. १९५७ साली केंद्राने खेड्यांतील घरबांधणीसाठी एक योजना काढली होती. परंतु ती मुख्यतः कर्जाची होती. आणि कर्ज घेणाऱ्याला फेडण्याची ऐपत लागते व पायाखाली स्वतःची जागा लागते. ज्याला खरी गरज, त्याच्यापाशी नेमके हेच दोन नव्हते.

जागेचा विचार पहिल्यांदा झाला तो १९७१ मध्ये. त्या वर्षी केंद्राने खेड्यांतील भूमिहीन मजुरांना घरासाठी फुकट जागा देण्याची योजना आखली, आणि १ जुलै १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात त्या कामाला स्थान मिळाले. केरळात तर १९७२ साली ‘लक्षम् वीडू’, म्हणजे लाख घरे, अशी योजना निघाली. प्रत्येक पंचायतीत शंभर घरे असा तिचा हिशेब होता. मला त्या योजनेतील मोठी गोष्ट वाटते ती हीच की आकडा पंचायतीच्या दारात नेऊन ठेवला होता. राज्यात लाख घरे हवीत, असे म्हटले की ते कोणाचेच काम नसते. तुमच्या गावात शंभर हवीत म्हटले की सरपंचाला रात्री झोप येत नाही.

आपल्याकडेही त्या काळात गावोगाव प्लॉट पाडले गेले, नव्या वस्त्या बसल्या. आमच्या भागातील काही वस्त्या मी पायी हिंडून पाहिल्या आहेत. जागा दिलेली असे, पण बहुधा गावाच्या टोकाला. खडकाळ, विहिरीपासून लांब, पावसाळ्यात वाट बंद होणारी. गावकुसाबाहेर राहणाऱ्यास पुन्हा गावकुसाबाहेरच बसविले होते, फरक इतकाच की आता त्याच्या हाती कागद होता. तो फरक लहान समजू नये. कागद हाती आल्यावर माणूस भिंत बांधतो, झाड लावतो, मुलाचे नाव शाळेत घालतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय केला, तो योग्यच झाला. नाव बदलले, आता वाट आणि पाणीही बदलावे, एवढेच.

यानंतर आला भिंतीच्या पैशाचा काळ. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्रपणे चालू लागली. दरम्यान ७३ वी घटनादुरुस्ती होऊन २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, आणि पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या यादीत ‘ग्रामीण गृहनिर्माण’ हे शब्द घटनेतच लिहिले गेले. राज्याने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आणि आदिवासींसाठी शबरी आवास अशा योजना काढल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यांना शबरीचे नाव ठाऊक आहे. २०१६ साली इंदिरा आवासच्या जागी पंतप्रधान आवास योजना आली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि शौचालयाचे १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचे. आमच्याकडे सारे त्याला ‘२६९ फुटांचं घरकुल’ म्हणतात.

या घरकुलाची वाट कशी असते, ते शहरातील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आधी सर्वेक्षणाची यादी येते. २०१६ मध्ये ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून आली. ती यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते. ज्याचे पक्के घर आहे त्याचे नाव गळावे आणि जो खरा गरजू त्याचा क्रम वर यावा, हे पाहण्याचे काम सभेचे. मग मंजुरी, मग हप्ते. पाया झाला की छायाचित्र, भिंती झाल्या की छायाचित्र, छत पडले की छायाचित्र; पैसा सरळ बँकेच्या खात्यात. मध्ये खाणाऱ्यांची तोंडे बरीच बंद झाली, हे कबूल केले पाहिजे. परंतु पहिल्या हप्त्याच्याही आधी एक कागद लागतो, जागेचा. गावठाणातील घर असेल तर पंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो नसेल तर यादीतले नाव हे नुसते नाव.

अशा एका बाईंची हकीगत मला ठाऊक आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. नवरा सालदार होता, तो वारला. बाई दोन मुलांना घेऊन ई-क्लासवर नाल्याच्या काठी राहत. टिनाचे छप्पर, पऱ्हाटीच्या कुडाला माती लिंपलेली. यादीत त्यांचे नाव वरच्या क्रमाने लागले तेव्हा सभेत टाळ्या पडल्या. पुढे कागदाची विचारणा झाली. बाई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यावयास आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, सरकार भिंतीले पैसे देते. पन भिंत उभी करू कायच्यावर?” मी काय उत्तर देणार? सरपंच भला होता. तो म्हणाला, “माय, ठराव घेतो.” ठराव घेतला. तो वर गेला. वरून विचारणा आली की ही जमीन चराईची आहे, ती कशी देता? पुन्हा ठराव, पुन्हा विचारणा. दरम्यान यादीतील खालच्या क्रमाच्या लोकांची घरे उभी राहिली, त्यांच्या दारांत तोरणे लागली, आणि बाईंचे नाव त्याच जागी राहिले.

आता दुसरी बाजूही ऐका. त्याच गावातील एक धनगर म्हातारेबुवा सभेत उठून म्हणाले, “ई-क्लास समद्यायले वाटून देसान तं माह्या बकऱ्या काय रस्त्यावर चारू?” त्यांचेही खोटे नव्हते. गायरान हा गरिबाचाच ठेवा आहे. ज्याला शेत नाही त्याचीच जनावरे तेथे चरतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी वाचविण्याविषयी निकाल दिला. भूमिहीन व मागासवर्गीयांना सरकारने दिलेल्या जागांसारखे अपवाद तेवढे त्यात ठेवले. त्यानंतर जुलै २०११ मध्ये राज्य सरकारने गायराने देण्यावर कडक निर्बंध घातले. उलट फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच सरकारने ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली राहण्यासाठी झालेली जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यभर हजारो झोपड्यांत पुन्हा धास्ती बसली. ज्याला एका कागदाने बसविले, त्याला दुसऱ्या कागदाने उठविण्याची ही पाळी! शेळीचे गवत आणि विधवेची झोपडी यांना एकाच तुकड्यावर झुंजत ठेवून बाकीचे आपण प्रेक्षक झालो आहोत.

मग जागा आणावी कोठून? विकत घ्यावी. २०१५ साली राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने योजना काढली, तीत घरकुलाच्या जागेसाठी ५० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू लागली. पुढे ती वाढविण्यात आली. पण येथेही एक गंमत होती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेताचा अर्धा-पाऊण गुंठ्याचा तुकडा खरेदी करता येत नसे. म्हणजे एका कायद्याने पैसा दिला आणि दुसऱ्याने खरेदी अडविली! घरकुलासाठी लहान तुकडा घेण्याची वाट २०२४ च्या नियमांनी मोकळी झाली. त्या आधी, २०१७ मध्ये, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन राहण्याच्या कामी लावणे सोपे करण्यात आले होते. चांगले झाले, पण त्याचा पहिला फायदा त्या २०० मीटरांत ज्याचे शेत आहे त्याला झाला. त्याच्या जमिनीचा भाव चढला, आणि बाईंच्या हातातील पन्नास हजारांत बसणारी जागा आणखी दूर सरकली.

त्या बाईंचे शेवटी काय झाले, ही उत्सुकता वाचकांना असेल. ज्यांच्याकडे त्यांचे यजमान सालदार होते, त्या शेतकऱ्याच्या मुलाने रस्त्यापासून आत, गावाच्या कडेचा तुकडा मिळालेल्या मदतीच्या रकमेतच देऊ केला. कागद व्हावयास आणखी दोन उन्हाळे गेले. घर झाले. परंतु हे काम एका माणसाच्या चांगुलपणाने झाले, व्यवस्थेने नव्हे. आणि चांगुलपणाची यादी कोणत्याही कचेरीत नसते.

शहरांकडे वळले तरी कथा तीच आढळते. जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आहेत. पंतप्रधान आवास योजनेची शहरी शाखा २०१५ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला तीत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू लागला. पुन्हा ‘स्वतःच्या जागेवर’! नझूलचा पट्टा संपलेला, वाटणी न झालेली, किंवा शेताचे गुंठे पाडून साध्या कागदावर घेतलेली जागा असली की प्रकरण अडले. २००१ चा गुंठेवारी कायदा अशांसाठीच करावा लागला. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यान्वये नगरपरिषदेने विकास आराखडा करावा आणि त्यात सार्वजनिक कामांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशी सोय आहे. घरांसाठीही त्या राखता येतात. मात्र दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत काही घडले नाही तर आरक्षण सुटते. नकाशावर जागा राखणे सोपे. तिजोरीत तिचा पैसा राखणे कठीण.

कोणी म्हणेल, मास्तर, जागाच नाही तर पंचायत तरी काय करील? याला माझे उत्तर पूर्णा नदीच्या काठी आहे. नांदुरा तालुक्यात जिगावचे धरण होत आहे. त्यासाठी घाटाखालची गावेच्या गावे उठवावी लागत आहेत, आणि त्यांच्यासाठी नवी गावठाणे आखली जात आहेत. चांगली जमीन संपादन करून, चौकोनी प्लॉट पाडून, रस्ते, पाणी, शाळा, स्मशानभूमी यांची तरतूद करून. उठणाऱ्यांचे दुःख आणि तक्रारी पुष्कळ आहेत, पिढ्यांची पांढरी सोडणे ही साधी गोष्ट नव्हे. पण मला त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की नवे गावठाण आखता येते. कायदा आहे, मोजणीदार आहेत, पैसाही उभा राहतो. धरणाला गरज पडली की रेषा हलते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलाच आहे. मग तीच रेषा दहा-वीस सालदारांसाठी का हलू नये?

परदेशांतही हाच तिढा आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निर्णय दिला की विकसित होणाऱ्या नगरांनी जमिनीचे नियम असे करू नयेत की गरिबाला तेथे राहताच येणार नाही. सभोवारच्या गरजेतील आपला वाटा त्यांनी उचलला पाहिजे. फ्रान्सने २००० साली कायदा करून ठराविक आकाराच्या नगरांना माफक भाड्याच्या घरांचे प्रमाणच बांधून दिले, आणि न करणाऱ्यास दंड लावला. श्रीमंत नगरे दंड भरतात पण घरे बांधीत नाहीत, असेही तेथे घडते! माणूस सगळीकडे सारखाच. परंतु त्या कायद्यांचे मर्म आपण घेण्याजोगे आहे. त्यांनी गरज मोजली आणि तिचा वाटा गावाच्या नावे लिहिला.

आपल्याकडे यादी होते ती घर नसलेल्यांची; जागा नसलेल्यांचा हिशेब गावपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला मी तरी पाहिला नाही. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी आणि घरमालकांना मिळकतीची सनद. उत्तम झाले. पण दीडशे वर्षांपूर्वी साखळीने जी चूक झाली ती ड्रोनने पुन्हा होऊ नये. रेषेच्या आतील माणसाचा कागद पक्का होताना बाहेरचा माणूस आणखी बाहेर पडतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वाळू नाही म्हणून घर अडले, तर सरकारने घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट देण्याचे ठरविले. वाळूचा विचार होतो, तर वाळू जिच्यावर टाकावयाची त्या भुईचा का होऊ नये?

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचण्याआधी एक लहान यादी वाचली जावी. गावात जागा नसलेली कुटुंबे किती, त्यांना लागणारी भुई किती, आणि ती कोणत्या नंबरातून, केव्हा मिळणार. बहुतेक गावांत हा आकडा भीती वाटावी इतका नसतो. वीस कुटुंबांना हजार-हजार चौरस फूट धरले तरी वाटेसकट एक एकर पुरे होते. एवढ्या जमिनीत कापूस किती पिकतो, हे वऱ्हाडातील वाचकाला सांगावयास नको. गावाने वर्गणी करून देऊळ बांधले, सप्ते केले, शाळेला खोल्या दिल्या. एक एकराचा विचार त्याला झेपणार नाही असे मला वाटत नाही.

या दिवाळीत आपापल्या गावी जाल, तेव्हा पंचायतीत कोणी ओळखीचे भेटले तर हा एक आकडा त्यांना अवश्य विचारा. विचारणारे वाढले की हिशेब ठेवणारेही वाढतात, असा माझा मास्तरकीचा अनुभव आहे.